आठची सुई

"आता ठसका येईल. येऊ दे, दाबू नकोस," सुगंधा म्हणाली आणि तिनं माझ्या गळ्यात सुई घातली.

थिएटरच्या मागच्या खोलीत मी लोखंडी पलंगावर उताणी पडले होते. तिचा डावा तळवा माझ्या कपाळावर होता. कंठमण्याच्या खाली बोटानं चाचपलं तर एक मऊ खाच लागते. सुई तिथून थेट श्वासनळीत जाते. सिरिंजमध्ये हवेचे बुडबुडे आले की समजायचं, जागा बरोबर आहे. तिला बुडबुडे पहिल्याच झटक्यात मिळाले. तिनं औषध सोडलं, सुई काढली, मी जोरात खोकले. तो खोकलाच औषध वरखाली पसरवतो. दोन मिनिटांत माझा घसा माझा राहिला नाही. आवंढा गिळला की नाही, तेही कळेना. मग तिनं नाकातून दुर्बीण घातली, पेन्सिलीपेक्षा बारीक अशी काळी लवचीक नळी, आणि म्हणाली, "दिसल्या बघ तुझ्या स्वरतंतूंच्या पट्ट्या. पांढऱ्याशुभ्र. एक दीर्घ श्वास घे." मला काहीही जाणवलं नाही.

पलंगाच्या पायथ्याशी आमचे विभागप्रमुख हिरेमठ सर हाताची घडी घालून उभे होते.

काही रुग्णांना आधी भूल देऊन चालत नाही. ज्यांचं तोंडच उघडत नाही, त्यांना झोपवलं आणि श्वास थांबला तर श्वासाची नळी घालायची कुठून? म्हणून त्यांना जागं ठेवून, नाकापासून श्वासनळीपर्यंतची सगळी वाट बधिर करून, दुर्बिणीवरून नळी आत सरकवायची आणि मगच झोपवायचं. हिरेमठ सरांचा नियम होता की ज्याला हे रुग्णावर करायचं आहे, त्यानं आधी स्वतः त्या पलंगावर झोपायचं. दोघादोघांच्या जोड्या. एकमेकांचा घसा बधिर करायचा. आमच्या वर्षाला माझी जोडी सुगंधा वाघमोडेशी लागली.

मग मी उठले आणि ती झोपली. मी नियमाप्रमाणे सगळं केलं. फवारा, मात्रा, क्रम, सगळं. बुडबुडे दुसऱ्या टोचण्याला मिळाले. दुर्बीण आत घातली तेव्हा तिला तीनदा उमासा आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती हलली नाही.

"खासनीस," सर म्हणाले, "तुझं सगळं बरोबर आहे. फक्त औषधाला मुरायला वेळ देत नाहीस तू."

मग ते तिच्याकडे वळले. "वाघमोडे, कुठं शिकलीस गं हे?"

"तुमच्याकडनंच की, सर."

सर हसले. सर वर्षातून चार वेळा हसत असतील. त्यांतलं एक तिला मिळालं.

मी वैजयंती खासनीस. माझे वडील भूलतज्ज्ञ होते. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर औषधांच्या मात्रा बोलल्या जायच्या. डॉक्टरकीच्या पाचही वर्षांत मी विद्यापीठात पहिल्या तिघांत होते. सुगंधाचे वडील सांगोल्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. ती शरीरक्रियाशास्त्रात एकदा नापास झालेली. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि दिवसातून दोन-तीनदा मी ते मनात म्हणत असे. तरीही रुग्ण तिच्या हाताखाली शांत व्हायचा आणि माझ्या हाताखाली अंग आवळून घ्यायचा. ती काय करते ते मी टिपून ठेवलं होतं. कपाळावर डावा तळवा, प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगणं, सांगितल्यावर एक श्वासभर थांबणं. मीही तळवा ठेवून पाहिला. एका म्हाताऱ्यानं तो बाजूला केला.

विभागात दुर्बीण एकच होती. ती कपाटात कुलूपबंद असायची. त्या आठवड्यात सरांनी कपाटाची किल्ली सुगंधाच्या हातात दिली आणि म्हणाले, "मंगळवारची केस तू कर. खासनीस मदतीला."

मंगळवारची केस म्हणजे इंदू म्हेत्रे.

इंदू बावीस वर्षांची होती. वजन अडतीस किलो. पाच वर्षांची असताना ती उभ्या बैलगाडीवरून हनुवटीवर पडली आणि जबड्याचा सांधा हळूहळू हाडात हाड मिसळून बंद झाला. दातांच्या दोन ओळींमध्ये बोटाचं नखही जात नव्हतं. वरचा एक दात पडला होता. त्या फटीतून ती सतरा वर्षं दुधात कुस्करलेली भाकरी ओढून घेत होती. बोलायची ती दात मिटूनच. पहिले दोन दिवस मला जड गेलं. नीट कान दिल्यावर सगळं कळायला लागलं. सोमवारी संध्याकाळी तिचा कागद भरताना मी तिच्याशी पाऊण तास बोलले आणि मला एकही शब्द परत विचारावा लागला नाही. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते.

"तोंड उघडल्यावर पहिलं काय करायचं ठरवलंयस?" सुगंधानं तिला विचारलं.

"जांबई द्याची."

"जांभई?"

"लोकं देत्यात, तवा मलाबी येती. आतल्या आत मरती. कान दुकत्यात."

सुगंधा हसली आणि इंदूही हसली. मिटल्या दातांनी हसताना तिचे फक्त खांदे हलत होते.

ऑपरेशनची ही तिची तिसरी वेळ होती. पहिल्यांदा दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नळी घालताना नाकातून रक्त आलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्यांदा आमच्याकडे टेबलावर घेतल्यावर दुर्बिणीचा दिवा गेला. गळ्याला भोक पाडून नळी बसवायचा मार्ग होताच. त्याला ती तयार नव्हती. त्यांच्या गावात एकाच्या गळ्याला कायमचं भोक होतं आणि पोरं त्याच्यामागं शिट्ट्या वाजवत फिरायची. तिचं भोक आठ दिवसांत बुजेल, हे आम्ही तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

"आवंदा न्हाई झालं तर म्या जाती घरी," ती म्हणाली. "परत येनार न्हाई. भोक पाडायचं न्हाई."

"नाही पाडणार," सुगंधा म्हणाली. "उद्या सकाळी आठला सिस्टर एक सुई देतील तुला. थुंकी सुकवायची. तोंड कोरडं पडेल, पण पाणी मागायचं नाही. कोरडं झाल्याशिवाय माझं औषध लागत नाही. कळलं?"

"व्हय. आठला."

मंगळवारी नऊच्या सुमाराला वॉर्डातून इंदूला आणायचं आणि कागद तपासायचं काम माझं होतं. थिएटरबाहेरच्या पॅसेजमध्ये ट्रॉली थांबली. इंदूच्या ओठांच्या कोपऱ्यातून लाळ येत होती आणि ती हातातल्या फडक्यानं पुसत होती.

"म्याडम," ती म्हणाली, "आठची सुई ऱ्हायली बगा."

"कुठली?"

"थुंकी वाळायची. सिस्टर घिऊन आल्या हुत्या, तवर पलीकडच्या बाईला फिट आली. तिकडं पळाल्या. मग ट्रॉलीच आली."

मी कागद उघडला. आठच्या ओळीत औषधाचं नाव होतं, पुढचा सहीचा रकाना रिकामा होता. त्याच्या वरच्या ओळीत आदल्या रात्रीच्या गोळीपुढे सही होती. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. उपाय साधा होता. इंजेक्शन आतल्या ट्रेमध्ये होतंच. द्यायचं आणि अर्धा तास थांबायचं.

"बघते," मी म्हणाले.

आणि कागद मिटला.

आत सुगंधा हात धुऊन तयार होती. नाकात घालायच्या कापसाच्या वाती औषधात भिजत होत्या. सिरिंजा क्रमानं मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर तिच्या गोल अक्षरात चिकटपट्टी होती. शेजारी फळ्यावर तिनं अडतीस किलोला चालेल तेवढी बधिरतेच्या औषधाची मात्रा लिहून ठेवली होती. तेवढं झालं की संपलं. जास्त गेलं तर झटके येतात, हृदय थांबतं. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. जबड्याचे सर्जन काचेपलीकडे चहा पीत होते.

सुगंधाचे हात निर्जंतुक असल्यामुळे तिला कागदाला हात लावता येत नव्हता. तिनं मान वळवली. "वैजयंती, आठचं सुकवायचं दिलंय ना?"

कागद माझ्या हातात होता. मी तो उघडला, पाहिला.

"हो. आठला."

"सही?"

"आहे."

इंदू तेव्हा दोन माणसांच्या मदतीनं ट्रॉलीवरून टेबलावर सरकत होती. तिनं ऐकलं नाही.

पुढची वीस मिनिटं सुगंधानं जे केलं, त्यात मला आजही चूक काढता येत नाही. तिनं नाकात थेंब घातले. वाती सावकाश सरकवल्या. वाफेच्या मास्कमधून औषध हुंगायला दिलं. "आता नाकात गार लागेल." थांबली. "आता गळ्यात टोचेल, मुंगी चावल्यागत." थांबली. मानेच्या दोन्ही बाजूंना, मग मधोमध खाचेत. बुडबुडे पहिल्या झटक्यात. इंदू खोकली.

खोकल्याबरोबर लाळेचा लोंढा आला.

"एवढी कशी ओली?" सुगंधा पुटपुटली. तिनं शोषणनळीनं ती ओढून घेतली, पाच मिनिटं जास्त थांबली आणि दुर्बीण नाकात घातली. भिंतीशी पडद्यावर आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. आधी गुलाबी, मग फेस. फक्त फेस. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही, तसं औषध लाळेबरोबर वाहून गेलं होतं. दुर्बिणीचं टोक घशाच्या मागच्या भिंतीला लागलं तशी इंदूनं टेबलाच्या कडा धरल्या. उमाशावर उमासा. तोंड उघडता येत नव्हतं, त्यामुळे तो सगळा आतच फुटत होता.

"सर, सुकवायचं परत देऊ का थोडं?" सुगंधानं विचारलं.

"आठला दिलंय ना? नाडी एकशेतीस आहे तिची. त्या औषधानं ती अजून चढते. आणखी दिलं तर कुठं जाईल?"

मी त्या क्षणी बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. मी सुगंधाच्या कपाळाकडे पाहत होते. टोपीच्या कडेखाली घाम आला होता. तिच्या कपाळावर घाम मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मी तो पाहत राहिले.

नाकातून थोडं रक्त आलं. सर स्टुलावरून उठले.

"थांब. बाहेर काढ. खासनीस, तू बघ."

दोन वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहत होते, ते हे होतं. मी दुर्बीण हातात घेतली. ती तिच्या हाताच्या उबेनं गरम होती. मी आत गेले. लाळ आणि रक्त यांचा गुलाबी साबण, बाकी काही नाही. डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. इंदूचा हात वर आला आणि माझं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. दीड मिनिटानं मी दुर्बीण बाहेर काढली.

"नाही दिसत, सर."

"बधिरतेचं किती राहिलं?"

"संपलं, सर," सुगंधा म्हणाली. फळ्यावरच्या आकड्याखाली तिनं रेघ मारली होती.

सरांनी काचेकडे पाहिलं. सर्जननी बोटानं स्वतःच्या गळ्यावर आडवी रेघ ओढून दाखवली आणि भुवया उंचावल्या. इंदू जागी होती. तिला सगळं दिसत होतं.

"भोक न्हाई," ती म्हणाली. "घरी जाती म्या."

"सर, एकदाच," सुगंधा म्हणाली. परवानगीची वाट न बघता ती वाकली. तिचं तोंड इंदूच्या कानाशी होतं, तरी त्या शांत खोलीत सगळ्यांना ऐकू येत होतं. "इंदू, खरं सांगते. औषध संपलं. जेवढं बधिर झालंय तेवढंच झालंय. आता दुखेल. गुदमरल्यासारखं होईल, पण गुदमरणार नाहीस, हवा चालू आहे. मी 'घे' म्हटलं की खोल श्वास घ्यायचा. श्वास घेतलास की दार उघडतं. तेवढ्यात मी आत जाते. जमेल?"

"हलायचं न्हाई?"

"नाही हलायचं."

"करा."

सुगंधानं एका हातानं लाळ ओढत दुर्बीण आत नेली. फेस. "घे." इंदूनं श्वास घेतला, फेस क्षणभर दुभंगला आणि काळी फट दिसली. मिटली. "परत घे." तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पायाचे अंगठे ताठ झाले होते. मान मात्र तसूभरही हलली नाही. "अजून एकदा, मोठ्ठा." दोन पांढऱ्या पट्ट्या बाजूला झाल्या आणि दुर्बीण मधून खाली उतरली. पडद्यावर श्वासनळीची वर्तुळं एकामागे एक दिसली. नळी सरकवली, हवा तपासली, शिरेतून भूल गेली. इंदूच्या मुठी सैल पडल्या.

"छान," सर म्हणाले. एवढंच. मी पडद्याकडे बघत राहिले.

ऑपरेशन चार तास चाललं आणि नीट झालं. इंदूचं तोंड दोन बोटं उघडलं.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघी वॉर्डात गेलो. इंदू उशीला टेकून बसली होती. चेहरा सुजला होता, कानापुढे पट्ट्या होत्या. सतरा वर्षं न हललेला जबडा तिला आवरत नव्हता. शब्द सांडत होते. पण ती थांबतच नव्हती. जांभई देऊन झाली होती, दोनदा, आणि दुसऱ्या वेळी शेजारच्या पलंगावरच्या बाईनं घाबरून सिस्टरना हाक मारली होती, ते तिनं रंगवून सांगितलं.

"त्या दिवशी फार त्रास दिला गं तुला," सुगंधा म्हणाली.

"त्ये सुईमुळं. आठची सुई ऱ्हायली हुती न."

सुगंधा तिची नाडी बघत होती. बोटं मनगटावरच राहिली. "राहिली होती?"

"व्हय. ह्या म्याडमना सांगितलं की म्या, भायेर." तिनं माझ्याकडे हनुवटी केली आणि लगेच मलाच सांभाळून घेतलं. "पर त्यास्नी तरी काय कळनार? दातातनं बोलायची न म्या. कुनालाच कळायचं न्हाई माजं."

सुगंधानं पलंगाच्या पायथ्याचा कागद काढला आणि मंगळवारचं पान उघडलं. वाचायला लागतो त्याहून जास्त वेळ ती पानाकडे पाहत होती. कागद परत अडकवला.

"आता कळतंय बघ सगळं," ती इंदूला म्हणाली.

जिन्यात मी म्हणाले, "सुगंधा, वरची ओळ वाचली मी. रात्रीच्या गोळीची सही होती, ती..."

"कागद मी बघायला हवा होता," ती म्हणाली. "हात परत धुता आले असते. शनिवारी सांगते मी."

"काय सांगणार?"

"माझं."

शनिवारची बैठक हा हिरेमठ सरांचा दुसरा नियम. आठवड्यातल्या अवघड केसेस, ज्यानं केल्या त्यानं उभं राहून सांगायच्या. सुरुवात स्वतःच्या चुकीनं करायची. दुसऱ्याच्या चुकीचं नाव घ्यायचं नाही. अठरा डॉक्टर बसलेले असायचे, प्राध्यापकांपासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपर्यंत.

सुगंधा उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता.

"इंदू म्हेत्रे, बावीस वर्षं. लाळ सुकवण्याचं इंजेक्शन दिलं गेलं नव्हतं. मी ते स्वतः तपासलं नाही. ऐकीव माहितीवर सुरुवात केली. त्यामुळे बधिरतेचं औषध वाया गेलं आणि रुग्णाला अर्धवट बधिर घशातून नळी सहन करावी लागली. चूक माझी."

ती खाली बसली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"केस यशस्वी झाली होती," ते सावकाश म्हणाले. "ही बोलली नसती तर कुणाला कळलंही नसतं. पोरांनो, हे लिहून घ्या."

आणि पोरांनी खरंच लिहून घेतलं. पुढच्या रांगेतली एक मुलगी लिहिता लिहिता मान वर करून सुगंधाकडे बघत होती. तसं कुणी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. गेले चार दिवस मी झोपले नव्हते. सापडेन म्हणून घाबरले होते. त्या क्षणी भीती गेली. सुगंधा हातानं मोठी होती, रुग्णांशी बोलण्यात मोठी होती, आणि आता माझ्याच खोटेपणातून तिनं हेही मिळवलं होतं. हे तिचं नव्हतं. हे जिथून निघालं होतं, ते माझं होतं.

मी उभी राहिले.

"सर, रुग्णानं मला नऊ वाजून दहा मिनिटांनी सांगितलं होतं की सुई राहिली आहे. कागदावर सही नव्हती, हे मी पाहिलं होतं. वाघमोडेनं विचारल्यावर मी 'दिलंय' म्हणून सांगितलं."

"गडबडीत?"

"नाही. ठरवून."

"का?"

"तिचा हात फसावा म्हणून."

कुणी लिहून घेतलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, पुढच्या रांगेतली मुलगीही.

सरांनी मला सहा महिने थिएटरबाहेर काढलं. तपासणी कक्षात बसून रुग्णांचे कागद भरायचे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पुढे मी शिकले, स्थिरावले, स्वतः विभाग चालवला. गेल्या वर्षी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात एका विद्यार्थ्यानं तो शनिवार सांगितला. प्रामाणिकपणाचं उदाहरण म्हणून. ही गोष्ट विभागात फिरते आहे, हे मला बरीच वर्षं माहीत आहे. मी ती कधी दुरुस्त केली नाही.

त्या दिवशी बैठकीनंतर सुगंधा स्कूटर स्टँडपाशी मला गाठायला आली. तिला धाप लागली होती.

"कशाला उठलीस? मी घेतलं होतं ना माझ्यावर? मिटलं होतं ते."

"म्हणूनच उठले."

तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा बदलला. रागावेल असं मला वाटलं, पण ती रागावली नाही.

"हेसुद्धा मला मिळू द्यायचं नव्हतं तुला?"

"नाही."

"बाई गं," ती म्हणाली. स्कूटरच्या आरशावर धूळ होती, ती तिनं अंगठ्यानं पुसली. "मग घे. तुला ठेव. पण इंदूला सांगितलंस का?"

"नाही."

"मग अठरा जणांसमोर कशाला बोललीस? तिला वाटतंय तिचं बोलणंच कुणाला कळत नव्हतं."

रविवारी दुपारी मी वॉर्डात गेले. भेटीची वेळ संपली होती. इंदू पलंगावर मांडी घालून बसली होती आणि तिच्यासमोर आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्यांची जुडी होती. सांधा परत जुळू नये म्हणून दिवसातून सहा वेळा त्या दातांत घालायच्या आणि रोज एक पट्टी वाढवायची.

मी स्टूल ओढून बसले.

"इंदू, त्या दिवशी बाहेर तू जे बोललीस, ते मला कळलं होतं."

"कुटलं?"

"सुई राहिली म्हणालीस ते. सोमवारी आपण बोललो तेही. सगळं कळत होतं मला. शब्द न् शब्द."

तिचे डोळे मोठे झाले. सुजलेला चेहरा उजळला. ती खूश झाली होती. मी याची तयारी केली नव्हती.

"कळत हुतं? समदं?"

"समदं."

"आन् म्या हितं आईला म्हनत हुते, उगंच बडबडले सतरा वरसं." ती हसली, मग हसताना दुखलं म्हणून गालाला हात लावला. हात तिथंच राहिला. "मग सुई का न्हाई दिली?"

अठरा डॉक्टरांना मी एका वाक्यात उत्तर दिलं होतं. तिच्यासमोर ते वाक्य येईना. मी दोनदा सुरुवात केली.

"त्या दुसऱ्या मॅडम आहेत ना, त्यांचं नाव व्हायला नको होतं मला. त्यांचं काम बिघडावं, असं वाटत होतं."

इंदूनं विचार केला. तिला माझ्यावर ओरडता आलं असतं. आता तोंड उघडत होतं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, बाजारात वस्तू पाहावी तसं, घ्यायची नाही हे ठरवून.

"म्हंजे तुमचं दोगींचं हुतं," ती म्हणाली. "म्या नुसती मदी हुते."

मग तिनं पट्ट्यांची जुडी उचलली, मोजून एक जास्त घेतली आणि दातांमध्ये सरकवली. तोंडात पट्ट्या असताना बोलता येत नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं.